परसबागेचे प्रश्न : गच्चीवरचं वजन, प्रेसमड आणि न धरणारा दोडका

पाऊस ओसरला की बागेची पत्रं वाढतात. यंदा निम्म्याहून अधिक पत्रांच्या शेवटी एकच विचारणा आहे, ‘कुठलं औषध मारू?’ पत्रं नीट वाचली तर बहुतेक ठिकाणी खोट मातीत, पाण्यात किंवा कुंडीच्या बुडाशी निघते. म्हणून उत्तरांचा क्रमही तसाच ठेवला आहे. आधी माती, मग पाणी आणि लागलंच तर औषध.

प्रश्न : आमचं दोन मजली घर पंचवीस वर्षांपूर्वीचं आहे. गच्चीच्या कडेनं विटांचे दीड फूट उंच वाफे बांधून त्यात काळी माती भरायचा विचार आहे. मिस्त्री म्हणतो, स्लॅबला काही होत नाही. करावं का? — राजारामपुरी

करू नका. कारण हिशोबातच आहे. ओली काळी माती घनमीटरला साधारण १७०० ते १८०० किलो भरते. दीड फूट म्हणजे अंदाजे ०.४५ मीटर, म्हणजे वाफ्याखालच्या प्रत्येक चौरस मीटरवर पावणेआठशे किलोच्या आसपास वजन आलं. विटा त्यात धरलेल्या नाहीत. ज्या सपाट गच्चीवर माणसांची ये-जा असते तिच्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार धरतात. तुम्ही त्याच्या पाचपट लादणार. स्लॅब काही दुसऱ्या दिवशी खाली येत नाही, म्हणून तर मिस्त्री बिनधास्त बोलतो. आधी खालच्या खोलीच्या छताला बारीक चिरा दिसतात, मग त्यातून ओल उतरते, गज गंजतो आणि फुगून गिलावा पाडतो. तोवर वाफ्यात वांगी छान लागलेली असतात आणि वाफा फोडायला कुणाचं मन होत नाही.

काळ्या मातीची आणखी एक अडचण आहे. शेतात ती सोनं, पण कुंडीत किंवा बंद वाफ्यात भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. आकसताना ती कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट भोकाबाहेर पडतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. ‘रोज पाणी घालते तरी झाड सुकतंय’ असं लिहिणाऱ्यांनी कुंडीच्या मधोमध बोट खुपसून बघावं.

गच्चीसाठी मिश्रण हलकं हवं. मापानं (वजनानं नव्हे) दोन भाग कोकोपीट, दोन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एकच भाग माती. बारा इंची कुंडीमागे ५० ग्रॅम निंबोळी पेंड त्यात मिसळा. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजल्यावर साधारण साठ ते सत्तर लिटर होते. पण ती भिजवून, पिळून, ते तांबडं पाणी टाकून द्या आणि पुन्हा एकदा भिजवा. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. न धुता वापरलं तर पानांच्या कडा करपतात आणि आपण उगाच करप्याचं औषध शोधत बसतो.

बारा बाय बारा इंचाच्या ग्रो बॅगमध्ये अंदाजे २२ लिटर मिश्रण मावतं. हे मिश्रण ओलं होऊनही पिशवी वीस किलोच्या आसपास राहते. चौरस मीटरला चार पिशव्या ठेवल्या तरी ऐंशी किलो होतात, म्हणजे पाणी घालणाऱ्या माणसासाठी जागा उरते. पिशव्या ठेवण्याआधी खालच्या मजल्यावर जाऊन बीम आणि भिंती कुठून गेल्यात ते पाहा. त्यांच्याच रेषेवर, कडेकडेनं पिशव्या मांडा आणि स्लॅबचा मधला भाग मोकळा ठेवा. प्रत्येक पिशवीखाली दोन अर्ध्या विटा हव्यात. त्यामुळे पाणी साचत नाही, झाडू फिरतो आणि कुठं ओल धरली तर लगेच दिसते.

मेथी, पोकळा, कोथिंबीर यांना सहा ते आठ इंच खोली पुरते. मिरची, वांगी, टोमॅटोला बारा इंच आणि वेलांना पंधरा ते अठरा इंच लागते. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये चिकू किंवा आंबा लावायची हौस असेल तर ड्रम फक्त कॉलमच्या डोक्यावर ठेवा, तेही इंजिनिअरला दाखवून. घर पंचवीस वर्षांचं आहे, तेव्हा त्याला एकदा बोलवाच.

प्रश्न : ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यानं कारखान्यावरून आणलेला प्रेसमड दोन पोती दिला. फुकटचं खत म्हणून कुंड्या निम्म्या त्यानंच भरल्या आणि वांग्याची रोपं लावली. आठवड्यात सगळी माना टाकून बसली. प्रेसमड वाईट असतो का? — कसबा बावडा

प्रेसमड उत्तम आहे. तुम्हाला मिळाला तो कच्चा. उसाचा रस गाळताना मागं राहणारा हा गाळ, त्यात थोडी साखर, उसाचं मेण, चुना आणि भरपूर पाणी असतं. साखर असल्यामुळे सूक्ष्मजीव त्यावर तुटून पडतात, ढीग आतून तापतो आणि आतला प्राणवायू संपतो. अशा मातीत रोपाची मुळं एकाच वेळी भाजतात आणि गुदमरतात. मेणामुळे आणखी एक गंमत होते. एकदा सुकलेला प्रेसमड पाणी धरतच नाही, थेंब वरून घरंगळतात.

आधी रोपं वाचवा. उपटा, मुळं साध्या पाण्यात हलकेच धुवा. तपकिरी, मऊ झालेली मुळं कात्रीनं काढा, निम्मी पानं छाटा आणि साध्या माती-शेणखताच्या मिश्रणात लावून आठवडाभर सावलीत ठेवा. पांढरी मुळं शिल्लक असलेली रोपं सावरतील. बाकीच्यांचा नाद सोडा, वांग्याचं रोप काही महाग नसतं.

कुंड्यांतून काढलेला प्रेसमड वाया जात नाही. सावलीत जमिनीवर वीतभर उसाचं पाचट पसरा, त्यावर वीतभर प्रेसमड, त्यावर शेणकाला (एक घमेलं शेण दोन बादल्या पाण्यात) शिंपडा आणि पुन्हा पाचट. ढीग तीन फुटांपेक्षा उंच नको. दर पंधरा दिवसांनी वरचा खाली, खालचा वर करा. हातात घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल जाणवावी, पण धार लागू नये, इतकाच ओलावा ठेवा. अडीच ते तीन महिन्यांत तो काळा, भुसभुशीत होतो.

तयार झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. ओलसर मूठभर खत प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर झालं, आंबूस किंवा कुजका आला तर अजून थांबा. दुसरी परीक्षा मेथीची. निम्मं खत, निम्मी माती एका वाटीत घेऊन दहा दाणे पेरा, शेजारच्या वाटीत नुसत्या मातीत दहा. दोन्हीकडं सारखेच उगवले आणि खतातली रोपं पिवळी पडली नाहीत तर बेधडक वापरा. तरीही प्रमाण पाचात एक भाग, त्याहून जास्त नको.

हीच गोष्ट रसवंतीवरच्या चिपाडांची. ती बारीक करून थेट मातीत मिसळतात आणि महिन्यानं पानं पिवळी पडली म्हणून युरिया टाकतात. चिपाड कुजवणारे जिवाणू आपल्यासाठी लागणारं नत्र मातीतूनच ओढतात, झाड उपाशी राहतं. चिपाडं आधी कंपोस्टात घाला किंवा मातीवर आच्छादन म्हणून पसरा. आच्छादन करताना आधी ती दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोडव्यामुळं मुंग्यांचं वारूळच घरी येईल.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर दोडका लावलाय. वेल जोमात, फुलं भरपूर, पण बोटभर दोडका येतो आणि पिवळा पडून गळतो. बोरॉन मारू का? — नागाळा पार्क

बाटली तूर्त बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळी साडेपाच-सहाला वेलाजवळ जा. दोडक्याची फुलं संध्याकाळी उघडतात. नर फुलं एका दांड्यावर गुच्छानं येतात, मादी फूल एकटं असतं आणि त्याच्या मागं इवलासा दोडका आधीपासूनच दिसतो. तो बोटभर दोडका म्हणजे फळ धरलं असं नव्हे, परागकण मिळाले तरच तो वाढतो. संध्याकाळचे पतंग आणि मधमाश्या तिसऱ्या मजल्यावर फारशा फिरकत नाहीत. शिवाय आपण गच्चीवर दिवा लावून बसलेलो असतो.

ताजं उघडलेलं नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या काढल्या की मधला पिवळा भुकटीचा भाग उघडा पडतो. तो मादी फुलाच्या मधल्या हिरवट, चिकट भागावर चहूबाजूंनी हलकेच टेकवा. पिवळी पूड तिथं चिकटलेली डोळ्यांना दिसली पाहिजे. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. देठाला दोरा बांधून ठेवा. तीन-चार दिवसांत दोरावाला दोडका गडद होऊन लांबू लागला आणि बाकीचे पिवळे पडले, तर दुखणं सापडलं.

वेळ प्रत्येक वेलाची वेगळी असते. दुधी भोपळ्याचं पांढरं फूलही तिन्हीसांजेला उघडतं. कारलं, काकडी, लाल भोपळा आणि घोसाळं मात्र सकाळचे. सकाळी नऊनंतर लाल भोपळ्याच्या फुलाशी खटपट करून उपयोग नाही.

सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, तेव्हा घाबरू नका. वेल काळपट हिरवा, पानं पंजाएवढी आणि मादी फुलांचा पत्ताच नाही, असं असेल तर शेणखताचा किंवा युरियाचा मारा जास्त झालाय. तो थांबवा. शेंडा सहा-सात पानांवर खुडला की बगलफुटी वाढते आणि मादी फुलं जास्त तिथंच येतात.

फळ वाकडं होऊन त्यावर टाचणीएवढं छिद्र आणि डिंकासारखा थेंब दिसला तर ती फळमाशी. तिथं परागीकरण करून काही साधणार नाही. अशी फळं तोडून पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात टाका, कंपोस्टात नको. वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा मिळतो, आंब्याचा सापळा इथं चालत नाही. निमतेल फवारायचं तर लिटरला ५ मिली आणि १ ते २ मिली भांड्यांचा लिक्विड साबण. एरवी फवारणी संध्याकाळी सांगतात, पण दोडका-दुधीवर ती भल्या सकाळी करा. संध्याकाळी मारलंत तर आलेल्या चार मधमाश्याही परत जातील.

प्रश्न : कॉलनीतल्या मोकळ्या जागेत आम्ही १२ कुटुंबं मिळून भाजीबाग करणार आहोत. खाली मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा आहे. किती माती आणावी, वाटण्या कशा कराव्यात? — सानेगुरुजी वसाहत

माती आणण्याआधी कागद आणा. ले-आऊटमधली ‘ओपन स्पेस’ आपलीच वाटते, पण ती कुणाच्या नावावर आहे ते पाहून संस्थेची किंवा महापालिकेची लेखी संमती घ्या. जागेवरचं झाड सावली करतं म्हणून तोडायचं मनात असेल, तर १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. फांद्या छाटण्याआधीही विचारून घ्या. त्यापेक्षा सावलीच्या कडेला आळू, आलं, हळद लावावी, ती थोड्या सावलीत मजेत येतात.

वाफा आठ फूट बाय चार फूट घ्या. चारपेक्षा रुंद नको, कारण दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. मधल्या वाटा दोन फुटांच्या. राडारोडा वेचा, खालचा मुरूम टिकावानं अर्धा फूट फोडून सैल करा आणि त्यावर आठ इंच भर घाला. एका वाफ्याला साधारण २१ घनफूट भर लागते, बारा वाफ्यांना अडीच ब्रासपेक्षा थोडी जास्त (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दीड ब्रास पोयटा माती आणि सव्वा ब्रास कुजलेलं शेणखत पुरेल. पहिल्या पावसात ती दोनेक इंच बसते, म्हणून थोडं शेणखत राखून ठेवा. डंपरवाल्याला ‘शेतातली वरची माती’ असं सांगा आणि उतरवण्यापूर्वी मूठभर पाण्यात ढवळून बघा. पायाच्या खोदाईतली माती माथी मारण्याचा प्रकार सर्रास चालतो.

पाण्याचा हिशोब असा. एका वाफ्याला हिवाळ्यात रोज १२ ते १५ लिटर, एप्रिल-मेमध्ये २० लिटर. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाला २४० लिटर, आणि ५०० लिटरची टाकी दोन दिवसांची सोय. छपराचं पावसाचं पाणी साठवून उन्हाळा काढू, असं बैठकीत कुणीतरी म्हणेलच. १०० चौरस मीटर छपरावर १० मिमी पाऊस पडला की जवळपास हजार लिटर मिळतं हे खरं, पण आपल्याकडं ते जून ते सप्टेंबरात मिळतं, तेव्हा बागेला नको असतं. मार्चपर्यंत टाकी कधीच रिकामी झालेली असते. पाचटाचं तीन इंच आच्छादन त्याहून जास्त पाणी वाचवेल.

वाटणीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. वाफे वैयक्तिक, पाणी सामाईक. पीक कुठलं घ्यायचं, खुरपणी कधी करायची हे ज्याचं त्यानं बघावं. पाणी मात्र रोज दोन कुटुंबं सगळ्या वाफ्यांना घालतील, सहा दिवसांत फेरी पूर्ण होईल. सगळंच सामाईक केलं की दोन घरं राबतात आणि बारा घरं भाजी नेतात, त्यातून होणारी भांडणं पिठ्या ढेकणापेक्षा चिवट. कढीपत्ता, शेवगा, लिंबू, गवती चहा हे कडेला, सर्वांचं. शेवगा वाफ्यांच्या दक्षिणेला लावू नका, हिवाळ्यात सगळी सावली भाजीवर पडेल.

मे महिन्यात निम्मी कॉलनी गावाला जाते. ज्यांना जायचं आहे त्यांनी एप्रिलअखेर पीक काढून वाफ्यावर जाड पाचट अंथरावं आणि पहिल्या पावसावर ताग पेरावा. फुलावर येण्याआधी, दीड महिन्याच्या आत, तो कापून तिथंच गाडला की श्रावणात माती हाताला वेगळीच लागते. येणारे-जाणारे मिरच्या तोडतात ही तक्रार तुम्हीही करणार. फाटकाजवळचा एक वाफा पुदिना, पोकळ्याला देऊन ‘घ्या’ अशी पाटी लावा, आतले वाफे बऱ्यापैकी सुटतात.

प्रश्न : पुराचं पाणी परसात शिरलं होतं. आता वीतभर गाळ बसलाय, वास येतो. गाळ सुपीक असतो म्हणतात, मग त्यातच मेथी टाकावी का? — शुक्रवार पेठ

नदीकाठच्या शेतातला गाळ वेगळा आणि पेठेतला वेगळा. कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ च्या पुरांत ज्यांच्या परसात पाणी आलं त्यांना ठाऊक आहे की त्यात नाले, गटारं, शौचालयाच्या टाक्या, गाड्यांचं ऑइल सगळं मिसळतं. पाण्याखाली गेलेल्या पालेभाज्या आणि फळभाज्या धुऊनही खाऊ नका, काढून टाका.

ओल्या गाळात पाय घालू नका, तो दाबला गेला की विटेसारखा होतो. आधी पाणी निघायला चर काढा. मुठीत दाबलेला गोळा बोटानं टोचल्यावर फुटू लागला की मगच फावडं लावा आणि हातमोजे, बूट घालून तळाचा दोन इंच थर सोडून वरचा गाळ उचला. उरलेला थर खालच्या मातीत मिसळा, शेणखत घाला आणि ताग किंवा चवळी पेरून गाडा. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर अशी मातीला टेकणारी किंवा कच्ची खाल्ली जाणारी पिकं चार महिने तरी नकोत. शिजवून खायची, मातीपासून उंच लागणारी वांगी किंवा घेवडा त्याआधी चालेल. नारळ, पेरू अशा मोठ्या झाडांच्या बुंध्याभोवतीचा गाळ मात्र आजच काढा, खोडाची साल गाळात राहिली की कुजते.

प्रश्न : शंखाच्या मोठ्या गोगलगायी रात्रीत झेंडूची रोपं साफ करतात. मीठ टाकलं तर चालेल? — फुलेवाडी

मिठानं गोगलगाय मरेल आणि वाफाही. गोणपाट गुळाच्या पाण्यात (लिटरला १०० ग्रॅम गूळ) भिजवून संध्याकाळी वाफ्याच्या कडेला पसरा. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोज्यांनी वेचून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हातानं धरू नका, त्यांच्या अंगावर परजीवी असू शकतात. कुंड्यांखाली आणि विटांच्या फटीत वाटाण्याएवढ्या पिवळसर अंड्यांचे पुंजके सापडतील, तेही चिरडा. नाहीतर पुढच्या पावसात दुप्पट येतील. दुकानात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत. घरात प्राणी असतील तर त्या आणूच नका.

थोडक्यात

कढीपत्त्याची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या (ताराबाई पार्क) : लोह मिळत नाही. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी ही नेहमीची कारणं. ताक घालून फार फरक पडत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं अशा रूपातलं) लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा फवारा आणि जमेल तेव्हा नळाचं पाणी द्या. फुलांचे तुरे खुडत राहा.

गुलाबाची छाटणी (उचगाव) : ऑक्टोबरच्या मध्यावर, पाऊस पूर्ण थांबल्यावर. बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर पाव इंच सोडून तिरका काप घ्या आणि कापावर बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याची) पेस्ट लावा. सहा-सात आठवड्यांत फुलं येतात.

मोगरा नुसता वाढतो (कळंबा) : डिसेंबरअखेर पाणी तोडा, जानेवारीत दीड फुटावर छाटून उरलेली पानं काढा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर यातलं काहीही करून उपयोग नाही, आधी कुंडी हलवा.

तुळस थंडीत वाळते (मंगळवार पेठ) : मंजिऱ्या धरू दिल्यात. त्या हिरव्या असतानाच खुडा आणि पाणी निम्म्यावर आणा. जुनं झाड तसंही दोन-तीन वर्षांत थकतं. वाळलेल्या मंजिऱ्यांतलं बी चोळून आत्ताच दुसऱ्या कुंडीत टाका, वर माती अगदी चिमूटभर घाला.